पत्रिकेत मावेल एवढाच माणूस

बोरीच्या मन्मथअप्पांनी मला सात वेळा ठार मारलं. एकदा विहिरीत ढकलून, एकदा रानडुकराच्या सुळ्यानं, एकदा माझ्याच बाटलीतलं विष मलाच पाजून. शेवटच्या वेळी गढीच्या दरवाजात चेंगरलं आणि माझी फासळी कशी मोडली, कुठल्या बाजूनं बाहेर आली, हे पाच मिनिटं चवीनं सांगितलं. मी भडकले. म्हणलं, "अप्पा, फासळी अशी बाहेर येत नसते. मी रोज बघते." तर हा माणूस कानामागची पेन्सिल काढून शांतपणे म्हणतो, "मग कशी येती? सांगा, लिहून घेतो."

ही सगळी मरणं खेळातली. अप्पांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. रविवारी दुपारी कागद कापायच्या मशीनशेजारी टेबल ओढून आम्ही चार-पाच जण बसायचो. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं, कुणी पहिलवान, कुणी वैदू, कुणी वाटाड्या. अप्पा गोष्ट सांगणार, आपला माणूस काय करतो ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं ते फासा ठरवणार. एवढाच खेळ. शहरातली पोरं हा इंग्रजीत खेळतात म्हणे. बोरीत अप्पा तो मराठीत खेळवायचे, आणि असा खेळवायचे की समोरचा चहावाला एकदा आत खून होतोय समजून काठी घेऊन धावत आला. त्यालाही त्यांनी बसवून घेतलं आणि दहा मिनिटांत मारून टाकलं.

मी दवाखान्यात नर्स. मूळची राणीसावरगावची. बदलीवर बोरीत आले त्याच महिन्यात ही स्वारी दारात उभी राहिली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा सदरा कोपरापर्यंत लाल, आणि डाव्या हातात दुमडलेली लग्नपत्रिका. उघडली तर आत बोटाचं टोक! मशीनच्या पात्यानं उजव्या हाताच्या बोटाचं पेर उडवलं होतं.

"सिस्टरबाई, हे बसतंय का बगा. नसंल बसत तर ऱ्हाऊ द्या. पन आदी एक सांगा, रक्त असं किती येळ उडत ऱ्हातं?"

"गप बसा!" मी ओरडले.

"आन् माणूस पडतो का हुबाच ऱ्हातो?"

मला वाटलं, ह्याच्या डोक्याला धक्का बसलाय. ते टोक काही बसलं नाही. टाके घालताना एकदा 'स्स' केलं नाही ह्या माणसानं, उलट वाकून वाकून बघत होता. जाताना म्हणाले, "बरं झालं उजवं गेलं. लिंगपूजा डाव्या तळहातावर व्हती. देवानं बघून तोडलं."

लिंगायताचं घर, अंड्याचं नाव काढलं तरी अप्पांच्या बायको, आमच्या काकू, चूल सारवायला घेतील असं. आणि त्याच घरचा हा कर्ता माणूस रविवारी बसून लोकांची आतडी काढायचा. भोपळा चिरतानासुद्धा बोलायचा, "हितं सुरी लावली की आतलं कसं भायेर येतं बगा." काकू चहा आणायच्या, ऐकायच्या आणि कप आपटून जायच्या. "जरा देवाचं नाव घ्या की तोंडात," म्हणायच्या. अप्पा म्हणायचे, "देवाच्या हातात तरी काय हाय? त्रिशूळच हाय की."

रागाचं तर विचारूच नका. हाताला येईल ते फेकायचे. फासा, पट्टी, शाईचा डबा, एकदा गरम इस्त्री. आणि सगळ्यांत जास्त राग त्यांना पत्रिकेतल्या नावांचा. आमच्याकडं पत्रिका म्हणजे नवरा-नवरी कोपऱ्यात अंग चोरून उभे आणि बाकी सगळा गाव. निमंत्रक, प्रमुख उपस्थिती, व्यवस्थापक, चिल्लीपिल्ली. एक पुढारी आला होता पोराच्या लग्नाची छापायला. तिसऱ्यांदा प्रूफ काढलं, तिसऱ्यांदा त्यानं वीस नावं वाढवली. अप्पा म्हणाले, "नवरीचं नाव काडून टाकू का? जागा व्हईल." तो म्हणाला, "बारीक करा की." झालं! अप्पांनी ते प्रूफ त्याच्या तोंडात कोंबलं, गचांडी धरली आणि दुकानासमोरच्या नालीत नेऊन बसवला. संध्याकाळच्या आत त्याची चार माणसं आली आणि अप्पांना दुकानातच तुडवलं. दोन दात पडले, एक डोळा आठवडाभर बंद. मी पट्टी बांधत होते आणि ते बोबड्या तोंडानं सांगत होते, "सिस्टरबाई, चौघं मारायले ना, तर पयला मार लागतो. दुसरा लागतो. तिसऱ्यापासून निस्ता आवाज येतो. हे आपल्याला खेळात घ्यायला पायजे." रविवारी घेतलं.

खेळ त्यांनी हैदराबादेत उचलला. जवानीत छपाईचं काम शिकायला गेले, तिथं खोलीवरच्या पोरांनी नाद लावला. येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. बोरीत पहिला डाव मांडला तेव्हा अकरा जण आले म्हणे. ट्रॅक्टरमिस्त्री दत्ता तेव्हापासूनचा, तो सांगायचा. सकाळी दहाला बसले, चहा चारदा झाला, जेवायची वेळ टळली, तरी एकाचीही तलवार ठरली नव्हती. ताकद किती, अक्कल किती, चिलखत चामड्याचं का लोखंडाचं, आजा कोण, गुरू कोण, पाचव्या लढाईनंतर काय शिकणार, दहाव्या लढाईनंतर काय शिकणार. एक जण उठला, "अप्पा, सातबारा काढायला बी इतके कागद लागत न्हाईत." त्याच्यामागं सगळेच उठले. अप्पांनी ते पुस्तक उचललं, कटिंग मशीनखाली घातलं आणि पातं ओढलं. दत्ता म्हणायचा, त्या टायमाला पुस्तकाच्या जागी माणूस असता तरी ओढलं असतं.

तिथून नियम ठरला. खेळातला माणूस एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मावला पाहिजे. चुकलेल्या, उरलेल्या पत्रिकांचा दुकानात ढीग पडलेला असायचाच. वर मोठ्या अक्षरात पेशा. इंग्रजीतल्या 'क्लास'ला 'वर्ग' म्हणलं की शाळा आठवती आणि 'जात' म्हणलं की भांडण लागतं, म्हणून 'पेशा'. खाली चार ओळी. ह्याला काय येतं, काय येत नाही, जवळ काय आहे, आणि कुठं लागलं की मरतो. पहिलवान: हातात येईल ते मोडतो, पळता येत नाही, अंगावर लंगोट आणि गदा, गुडघ्यावर मारलं की खल्लास. संपला पहिलवान! "पाच मिनिटांत माणूस उबा," अप्पा म्हणायचे, "साव्या मिनिटाला पयलं रक्त."

लोक काय कमी आहेत? प्रत्येकाला आपला माणूस इतरांपेक्षा वेगळा हवा. दत्ताला कायम दोन कुऱ्हाडी हव्या असायच्या. अप्पा विचारायचे, "दोन्ही हातांत कुराडी घेतल्यास, तर दार कशानं उघडशील? दातानं?" कुणाला घोडा, कुणाला बोलणारा पोपट. एकेक मागणी मान्य करत गेलं की पत्रिका भरणार, मग दुसरी जोडणार, मग पुन्हा ते जाड पुस्तक. हे मला पटायचं. पण एक दिवस दत्तानं वैदू घेतला, आणि शब्दन् शब्द माझ्याच वैदूचा! मी पत्रिका त्यांच्या अंगावर भिरकावली.

"म्हणजे मी आणि हा ग्रीस लावलेला दत्ता एकच?"

"पेशा एकच."

"दवाखान्यात आम्ही तिघी नर्स आहोत, पेशा एकच. एकीची सुई दुखत नाही. दुसरी रडणाऱ्याला गप करते. आणि मी मढ्याला घाबरत नाही. कुठंय हे तुमच्या चार ओळीत?"

अप्पांनी लाल शाईचा डबा भिंतीवर फेकला. निम्मा दत्ताच्या डोक्यावर सांडला. दोन रविवार दुकान बंद. तिसऱ्या रविवारी निरोप आला, गेले तर टेबलावर नव्या पत्रिका मांडलेल्या. चार ओळी त्याच, खाली पाचवी ओळ कोरी. कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ही ज्याची त्यानं भरायची. एकच ओळ. खोडायची न्हाई. आन् आदी भरायची न्हाई. आपला माणूस मार खाऊन मरणाच्या दारात जाऊन वापस आला, की मग भरायची. मार खाल्ल्याबिगर माणसाला सोताचं काय ते कळत नसतं. आदी लिव्हलं ती निस्ती बढाई." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण ती ओळ माझी होती आणि मी ती भांडून मिळवली होती, हे आजही सांगते.

आता ज्ञानोबा आणि बाबारावचं सांगते. चुलतभाऊ. घरं भिंतीला भिंत, विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून ज्ञानोबानं बाबारावच्या डोक्यात फावडं घातलं, ते टाके मी घातले. वर्षानं बाबारावनं ज्ञानोबाचा हात दांडक्यानं मोडला, तो हात परभणीला पाठवायच्या आधी फळीला मीच बांधला. दोघंही दवाखान्यात मला एकच सांगून गेले, "येक दिवस मारतो त्याला." गाव तर धरूनच चाललं होतं की ह्यातला एक जाणार, कोण, एवढंच बघायचं राहिलं होतं.

अप्पांनी काय करावं? ज्ञानोबाच्या घरी जाऊन सांगितलं, "बाबाराव म्हणायलाय, ज्ञानोबाची हितं बसायची छाती न्हाई." बाबारावला तेच उलटं सांगितलं. रविवारी दोघं हजर, हातात काठ्या. अप्पांनी दोन्ही काठ्या घेतल्या, मशीनखाली घालून कडाकडा तोडल्या आणि म्हणाले, "हितं मारायचं ते तोंडानं."

ज्ञानोबानं पहिलवान घेतला, बाबारावनं वाटाड्या. वाटाड्याला रानातल्या सगळ्या वाटा ठाऊक, पण उजेडात नीट दिसत नाही. पहिल्याच डावात पहिलवानानं वाटाड्याची मान मोडली. दुसऱ्या रविवारी बाबारावनं नवा वाटाड्या घेतला, पहिलवानाला दलदलीत नेलं आणि तो नाकापर्यंत बुडेस्तोवर काठावर बसून राहिला. तिसऱ्या रविवारी डोळे फोडले. चौथ्या रविवारी मढ्यावर नाचले. ते शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा, कारण दोघंही खोटं बोलत नव्हते. आणि अप्पा वरून विचारायचे, "मग? डाव्या डोळ्यात का उजव्या?" मी म्हणलं, "अप्पा, आगीत तेल ओतायलात तुम्ही."

"वतू द्या. कागदाची आग हाय. जळून जळून किती जळंल?"

सहाव्या की सातव्या रविवारी पहिलवान पुन्हा वाटाड्याच्या समोर आला. बाबारावनं फासा हातात घेतला, थोडा वेळ खुळखुळवला आणि खाली ठेवला. "ह्याला मारून मारून कटाळा आलाय राव. ए ज्ञानोबा, आदी त्या गढीवरल्या सुभेदाराला मारू. मग आपलं बगू." ज्ञानोबा म्हणाला, "चल." त्या दिवशी त्या दोघांनी गढीवर जो कत्तलखाना मांडला, त्याला तोड नाही. जिन्यावर पंचवीस माणसं कापली. शेवटी वाटाड्याच्या पोटात भाला घुसला, तर पहिलवानानं त्याला खांद्यावर टाकला आणि पळता येत नसताना, फाशामागून फासा टाकत, दरवाजाबाहेर आणला. बाबाराव वाचला. म्हणजे वाटाड्या वाचला. अप्पांनी पेन्सिल पुढं केली, "भर तुजी वळ." बाबारावनं मान तिरकी करून शाळेतल्या पोरासारखं लिहिलं: 'मागं ज्ञानोबा असला तर मागं वळून बघत नाही.'

अप्पांनी ते मोठ्यानं वाचलं आणि उठून मागच्या खोलीत गेले. नाक शिंकरल्याचा आवाज आला. त्या हिवाळ्यात विहिरीची पाळी चकार शब्द न होता चालली. दोघं एका मोटरसायकलवर दुकानात येऊ लागले. एकदा त्यांना जाताना बघून अप्पा मला म्हणाले, "सिस्टरबाई, मी जिंदगीत दुसरं कायबी केलं न्हाई. एवढं टिकलं पायजे. हे मोडलं ना, तर येक मसणात आन् येक जेलात."

ज्ञानोबाच्या पोरीचं, शीतलचं, लग्न ठरलं. तो पत्रिका छापायला आला तेव्हा मी दुकानातच होते, अप्पांचं बीपी तपासायला. त्याच्या खिशात नावांची यादी होती. ती काढली, हातात चुरगाळली. "अप्पा, कुणाचं वर टाकू आन् कुणाचं खाली, ह्याच्यातच भांडणं लागायलीत घरात. नकोच नावं. आपल्या पेशावानी करा. चार वळीत."

अप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! सगळी हयात नावं छापण्यात गेली, आणि आज पहिल्यांदा कुणी सुटसुटीत पत्रिका मागत होतं, तेही खेळात शिकून. चहा मागवला. स्वतः बसून मजकूर जुळवला. मुलीचं नाव, मुलाचं नाव, तिथी आणि ठिकाण, 'जेवायला नक्की या'. कोऱ्या कागदावर काळी अक्षरं, आजूबाजूला मोकळी जागा. मला प्रूफ दाखवलं. मी म्हणलं, "अप्पा, जन्मात इतकी देखणी पत्रिका बघितली नाही." माझीही अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती, दुसरं काय.

कारण आमच्याकडं पत्रिका हातात पडली की माणूस लग्न कुणाचं ते नंतर बघतो, आधी स्वतःचं नाव शोधतो. निमंत्रकांत नाव असलं तर तो मांडवात घरचा, नसलं तर परका. वैऱ्याचंही टाकतात. दोघं एकमेकांची डोकी फोडत होते तेव्हासुद्धा ज्ञानोबाच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात बाबारावचं नाव पत्रिकेत होतं, आणि तो तोंड फुगवून का होईना, मांडवाच्या दारात उभा राहिला होता. हे अप्पांना ठाऊक नव्हतं का? ती पत्रिकाही त्यांनीच छापलेली. एवढं रक्त सांडून झालेली दोस्ती, आता तिला नावाची काय गरज, असं वाटलं असेल. खरं तर काहीच वाटलं नसेल. त्या मोकळ्या जागेच्या आनंदात विचारच केला नाही.

पुढचं मला बाबारावच्या बायकोनं सांगितलं. दुपारी चार वाजता ज्ञानोबा अक्षता आणि पत्रिका घेऊन त्यांच्या अंगणात आला. बाबारावचे मेहुणे देवगाव फाट्याहून आलेले, बाजेवर बसलेले. एकानं पत्रिका वाचली, उलटी केली, परत सुलटी केली. "दाजी, तुमचं नाव कुठाय?"

ज्ञानोबा हसला. "त्याचं नाव कशाला पायजे? घरचाच हाय की."

दुसरा मेहुणा हळूच बोलला, "घरच्याचं तर आदी असतंय."

बाबारावनं पत्रिका हातात घेतली. चारच ओळी, पण लय वेळ वाचत होता. मग घरात गेला. ज्ञानोबानं कपाळ पुसलं, 'निघतो, अजून धा घरं हायेत' म्हणाला आणि दाराकडं वळला. मागून पावलं वाजली. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

कुऱ्हाड मान आणि खांद्याच्या मध्ये बसली, गळ्याजवळचं हाड तोडून आत. दुसरा घाव पाठीवर. मग त्याच बाबारावनं कुऱ्हाड टाकून त्याला पिकअपमध्ये घातला आणि दवाखान्यात आणला. "वाचवा सिस्टरबाई, वाचवा," म्हणून माझे पाय धरायला लागला. मी लाथेनं ढकलला त्याला. दोन्ही हात जखमेत घातले, कापडावर कापड कोंबलं, पण खालून रक्तानं भरतच होतं. जमिनीवर चप्पल घसरत होती. अँब्युलन्समध्ये ज्ञानोबानं एकदा डोळे उघडले, म्हणाला, "पत्रिका ऱ्हायल्या वाटायच्या." परभणीच्या रस्त्यावर, झरीच्या अलीकडंच तो गेला. उरलेल्या रस्त्यात मी हात काढला नाही, उगाच.

परत आले तेव्हा बाबाराव दवाखान्याच्या पायरीवर बसला होता, शेजारी एक पोलीस. अप्पा अनवाणी धावत आलेले, माझ्या हातांकडं बघितलं आणि समजले. ज्यानं मला शंभरदा रक्ताचं विचारलं, त्यानं त्या दिवशी काहीच विचारलं नाही. सरळ बाबारावकडं गेले आणि मारायला सुरुवात केली. थोबाडीत, डोक्यात, छातीत. पोलिसाला आवरेना. बाबाराव हात वर करत नव्हता. मार खाता खाताच म्हणाला, "अप्पा, माजं नाव कामून गाळलं?"

अप्पांचा हात वरच राहिला. "सगळ्यायचीच गाळली की रे."

"सगळ्यायचं मला काय करायचंय?" बाबाराव ओरडला. "माजं कुठाय?"

अप्पा तिथंच मातीत खाली बसले. बाबारावला गाडीत घालून नेलं, तरी बसून राहिले. मला राग आला त्यांचा, खरंच आला. वाटलं, धरून हलवावं. पण मीही देखणी म्हणाले होतेच.

खेळ बंद झाला. पेशाच्या सगळ्या पत्रिका त्यांनी चुलीत घातल्या, काकूंनी मुकाट पाणी तापवून घेतलं. दुकान चालू राहिलं, पण माणूस पार बदलला. गिऱ्हाईक आलं की वही उघडून बसायचे. "चुलते किती? मावसभाऊ? भांडण असलेलं कुनी हाय का? त्याचं आदी सांगा." लोक कंटाळायचे. एकदा मी म्हणलं, "अप्पा, बास आता, त्या पत्रिकेत मुंगी शिरायला जागा नाही." ते वर न बघताच बोलले, "खेळात तुमी भांडलाव, म्हून येक वळ सोडली. लग्नाच्या येळी भांडायला कुनी न्हवतं." त्यांनी पुढचं नाव विचारायला घेतलं.

वर्ष उलटल्यावर शीतलचं लग्न परत ठरलं, त्याच मुलाशी. माझी बदली गंगाखेडला झाली होती, म्हणून मी अप्पांचा निरोप घ्यायला गेले होते. तेवढ्यात शीतल आली. एकटीच. दुसऱ्या कुणाकडं छापून घेतली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं, पण ती इथंच आली. अप्पांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. वही उघडली, तिनं उभ्यानंच नावं सांगितली. आई. मामा. आत्या, आत्याचे यजमान. भाऊबंदांची एकेक करून, लहान पोरांसकट. अप्पा लिहीत गेले. ती थांबली.

"अजून?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई."

"अजून एक हाय, पोरी." अप्पांनी पेन्सिल वहीवर तशीच टेकवून ठेवली. "जेलात असला तरी चुलताच हाय. राहिलं तर…"

"ठाऊक हाय मला." शीतलनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "मागच्या बारीला ते नाव तुमी गाळलं, अप्पा. ह्या बारीला मी गाळते."

एवढं बोलून ती निघून गेली. अप्पांनी मजकूर जुळवला, नावं दोनदा तपासली आणि छपाईचं मशीन सुरू केलं. मी 'येते' म्हणलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. दारातून मागं बघितलं तर ते मशीनजवळ उभे राहून रडत होते, मोठ्यानं, तोंड न झाकता, आणि एकेक पत्रिका बाहेर पडत होती तशी उचलून रचत होते.